थोरलीच्या कपाटातले एकोणीस खंड

पत्र :

ताई, सप्रेम नमस्कार. मी नाशिकला एका शाळेत मराठी शिकवते. वय ४३. मला दोन मुली. थोरली अठरा वर्षांची, धाकटी बारा. मे महिन्यात थोरलीचं कपाट आवरताना स्वेटरांच्या मागे 'बनाना फिश' नावाच्या जपानी मांगाचे, म्हणजे चित्रकथेचे, एकोणीस खंड सापडले. चाळून पाहिलं तर पिस्तुलं, टोळ्या, अमली पदार्थ, आणि एका मुलावर लहानपणी झालेले अत्याचार. माझे हातपाय गार पडले. तिला जाब विचारायचा तर आधी आपण वाचलेलं बरं, म्हणून दुपारी ती क्लासला गेली की एकेक खंड काढू लागले. पान उजवीकडून डावीकडे वाचायची सवय व्हायला दोन दिवस गेले. चौथ्या खंडापर्यंत कळून चुकलं, की मी आता जाब विचारण्यासाठी वाचत नाहीये. पंधराव्या दिवशी शेवटचा खंड ओट्याशी उभं राहून वाचला आणि तिथेच रडले. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळलं नाही, डाळ करपली. आता तिला काही विचारता येत नाही आणि सांगताही येत नाही. हे खरंच बायकामुलींसाठी लिहिलेलं आहे का? इतकं हिंसक, अंगावर येणारं वाचून तिला आणि मला काय मिळतं? आमच्यात काही बिघडलंय का? थोरलीशी कसं बोलू? आणि धाकटीच्या हाती हे लागलं तर? अकराव्या खंडात थोरलीने बसचं एक तिकीट खुणेला ठेवलंय. ते पान मी तीनदा वाचलं.
– एक आई, नाशिक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांतला मधला प्रश्न आधी घेते, कारण तुम्हाला झोप लागू देत नाहीये तो तोच असावा. तुमच्यात काही बिघडलेलं नाही, थोरलीतही नाही. पंधरा दिवस चोरून वाचलेल्या पुस्तकासाठी ओट्याशी उभं राहून रडणारी बाई हिंसेला चटावलेली नसते. हिंसेची चटक लागलेला माणूस मारामारीची पानं वाचतो आणि बाकीची उलटतो. तुम्ही तर एका खुणेच्या पानावर तीनदा थांबलात.

आता पहिला प्रश्न. हो, हे मुलींसाठीच लिहिलेलं आहे. जपानमध्ये मांगा कुणासाठी आहे हे बहुतेक वेळा तो कोणत्या मासिकात छापून येतो त्यावरून ठरतं. 'बनाना फिश' १९८५ ते १९९४ अशी नऊ वर्षं शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या 'बेस्सात्सु शोजो कॉमिक' या मासिकात आली. शोजो म्हणजे मुलगी. नावातच मुलींचं असलेल्या मासिकात न्यूयॉर्कच्या गल्ल्या, कॉर्सिकन माफियाचा म्होरक्या आणि व्हिएतनाम युद्धातून वेडा होऊन परतलेला सैनिक आला, आणि नऊ वर्षं राहिला. लेखिका आकिमी योशिदा यांचा जन्म १९५६चा, म्हणजे सुरुवात केली तेव्हा त्या तिशीच्याही आत होत्या. विचार करा, १९८५ साली पंधरा वर्षांची असलेली मुलगी शेवटचा हप्ता वाचताना चोवीस वर्षांची झाली होती. तुम्ही ज्या गोष्टीला पंधरा दुपारी दिल्यात, तिच्याबरोबर ती शाळेतून बाहेर पडली आणि कमवायलाही लागली. अशी गोष्ट माणसाच्या अंगात मुरते.

चित्रंही तुम्ही पाहिलीच आहेत. मुलींच्या मांगात पूर्वी ठरलेली सजावट असायची : चौकटीच्या कडेने फुलं, डोळ्यांत चांदण्या. इथे त्यातलं जवळजवळ काही नाही. भिंती कोऱ्या, रस्ते रिकामे, गाड्या आणि बंदुका नीट पाहून काढलेल्या. आधीच्या खंडांतले चेहरे तर राकट, रुंद आहेत. पुढे हळूहळू ते निमुळते होतात, नायक ॲशचा चेहरा जास्तच. मला ते सुरुवातीचे ओबडधोबड चेहरे अधिक आवडतात. त्यांत तो मुलगा सुंदर दिसण्यासाठी काढलेला नाही, थकलेला दिसण्यासाठी काढलाय.

हे आभाळातून पडलं नाही. १९५०–६०च्या दशकांत मुलींचे मांगा बहुतांशी पुरुषच काढत. १९७०च्या आसपास विशीतल्या बायकांची एक पिढी आली. त्यांतल्या अनेकींचा जन्म जपानी कालगणनेतल्या शोवा २४ या सालाच्या, म्हणजे आपल्या १९४९च्या, आगेमागे झालेला, म्हणून जपानीत त्यांना 'चोविसाव्या सालचा गट' म्हणतात. मोतो हागियो आणि केइको ताकेमिया ही त्यांतली मोठी नावं. मुलींच्या मासिकात घरातला अत्याचार, मृत्यू, अपराधीपणा आणायचं धाडस त्यांनी केलं. हागियो यांची एक मालिका मुद्दाम सांगते, कारण तुमच्या 'काय मिळतं' या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. 'झानकोकु ना कामी गा शिहाई सुरू', म्हणजे साधारण 'क्रूर देवाचं राज्य'. १९९२ ते २००१, सतरा खंड. सावत्र बापाच्या अत्याचाराखाली दबलेला एक मुलगा, आणि त्यातून घडणारा एक गुन्हा. कुठल्याही रहस्यकथेत गुन्हा उघडकीला आला की पुस्तक मिटतं. हागियो तिथे थांबतच नाहीत. गुन्हा घडून गेल्यावर त्या मुलाचं काय होतं, त्याला झोप कशी लागते, कुणी जवळ आलं की तो का दचकतो, माया करणाऱ्यालाच तो का ओरबाडतो, हे त्या खंडामागून खंड लिहीत राहतात. या मालिकेला १९९७ साली, मांगांना दिल्या जाणाऱ्या तेझुका ओसामु सांस्कृतिक पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी, उत्कृष्टतेचा सन्मान मिळाला.

गुन्ह्याच्या 'नंतर'चं हे लिहिणं मला या सगळ्या साहित्याचा गाभा वाटतं.

मी शाळेत असताना आमच्या गल्लीत भाड्याने पुस्तकं देणारं एक छोटं दुकान होतं. तिथून गुप्तहेरांच्या चोपड्या आणून मी भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायचे. एका चोपडीची सुरुवात मला आजही आठवते. दिवाणखान्यात एक तरुणी मरून पडलेली, तिच्या साडीचा रंग, मोकळे केस, गळ्यावरचे वळ, सगळं दीड पान भरून. मग गुप्तहेर येतो, सिगारेट पेटवतो, आणि पुढची शंभर पानं त्याची. ती बाई कोण होती, तिला सकाळी काय करायचं होतं, तिच्या आईला कुणी कळवलं का, यातलं एक अक्षर नाही. वाचायला मजा यायची, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवाणखान्यात मी कुठे उभी आहे हे मला कधी कळायचं नाही. गुप्तहेर मी होऊ शकत नव्हते, आणि उरलेली बाई तर मेलेली होती.

'बनाना फिश'मध्ये ज्याला इजा झाली तोच गोष्ट चालवतो. तो जिवंत आहे, चिडलेला आहे, हुशार आहे, त्याला वाचनालयात जाऊन पुस्तकात डोकं घालून बसायला आवडतं, आणि भोपळ्याची भीती वाटते. ज्याच्या शरीरावर इतरांनी लहानपणापासून मालकी सांगितली, त्याला आवडीनिवडी असतात, खोड्या असतात, राग असतो, आणि तो राग बरोबर असतो. मुलींना हे कुणी सहसा सांगत नाही. अन्याय झालेल्या मुलीने गोष्टीत रडावं, मरावं किंवा क्षमा करावी, एवढीच तिची कामं. ॲश रागावतो, आणि लेखिका त्याच्या रागाच्या बाजूने उभी राहते. तुमच्या थोरलीने हे पहिल्यांदा कुठे वाचलं असेल? आपल्या पाठ्यपुस्तकांत तर नक्कीच नाही.

तुम्ही विचाराल, मग मुलगीच का नाही घेतली नायिका म्हणून? बायकांसाठी लिहिताना मुलगा कशाला? यावर अनेकांनी अनेक तऱ्हेने लिहिलंय, मी माझं सांगते. मुलगी असती तर वाचणारीला ते थेट स्वतःच्या अंगावर आल्यासारखं झालं असतं, आणि तिने पुस्तक मिटलं असतं. मुलगा असल्यामुळे हातभर अंतर राहतं. त्या अंतरावरून जे आपल्याबद्दल पाहवत नाही ते पाहता येतं. भाजी चिरताना बोटाला लागलं की आपण आपली जखम बघत नाही, पण लेकराचं बोट मात्र उजेडात धरून नीट बघतो. तसंच काहीसं.

आणि मुलगा घेतल्याने लेखिकेने आणखी एक मोठं काम केलं. जपानची दंडसंहिता १९०७ची. त्यातल्या बलात्काराच्या व्याख्येत फक्त स्त्रीच बळी धरली होती. मुलगे आणि पुरुष त्या कलमात आले ते २०१७ साली, एकशे दहा वर्षांनी. संमतीचं वय तेरावरून सोळावर गेलं ते तर २०२३मध्ये. म्हणजे ज्या इजेला कायद्यात धड नावही नव्हतं, ती इजा १९८५ साली मुलींच्या एका मासिकाने गोष्टीच्या मध्यभागी ठेवली, आणि वाचणाऱ्या मुलींनी ती खरी मानली. व्याख्या बदलली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, २०१८मध्ये, या मालिकेचा चोवीस भागांचा ॲनिमे, म्हणजे पडद्यावरची हलत्या चित्रांची मालिका, आला. त्यात काळ आजचा केला, व्हिएतनामच्या जागी इराकचं युद्ध आलं, हातात मोबाइल आले, पण मुलाची गोष्ट तशीच्या तशी ठेवली. तुमच्या थोरलीच्या वयाच्या मुलींना हे नाव बहुधा तिथूनच कळलं.

आता ते दृश्य, ज्यासाठी मी ही मालिका कुणालाही देईन. अगदी सुरुवातीच्या भागात आहे. एइजी हा जपानी मुलगा, एका छायाचित्रकाराचा मदतनीस म्हणून आलेला. पूर्वी बांबू उडी मारायचा, दुखापतीने खेळ सुटलेला. पहिल्या भेटीत तो ॲशचं पिस्तूल हातात घेऊन बघू का म्हणून विचारतो, इतका भाबडा. मग दोघं कोंडले जातात. समोर उंच भिंत. एइजी एक गंजका पाइप उचलतो, धावतो, तो जमिनीत रोवतो आणि भिंतीवरून पलीकडे जातो. ॲश खाली उभा राहून वर बघतोय. त्याच्या आयुष्यात आजवर कुणी कुठून सुटलेलं नाही, आणि हा मुलगा आभाळात आहे. मारामारी, पाठलाग, कटकारस्थानं या सगळ्यांतून एकोणीस खंड वाचणारी जे धरून ठेवते ते ही वर गेलेली नजर. एइजी पुढे त्याच्याजवळ राहतो आणि बदल्यात काही मागत नाही. ॲशच्या जवळ आलेल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाला काहीतरी हवं असतं, याला नाही. हिंसा इतकी नसती तर या न मागण्याची किंमत कळली नसती. म्हणून मला ती हिंसा उगाच घातलेली वाटत नाही. शेवटाबद्दल इथे लिहीत नाही, इतर वाचकांनी वाचलेला नसेल. वाचनालयातलं ते टेबल तुम्हाला आणि मला माहीत आहे, तेवढं पुरे.

याच वाटेवरची आणखी दोन पुस्तकं सांगते, कारण तुम्ही आता थांबणार नाही असं मला वाटतं.

एक, रेइको शिमिझु यांचं 'हिमित्सु', म्हणजे गुपित. १९९९पासून 'मेलडी' या मासिकात. कल्पना अशी, की मेलेल्या माणसाच्या मेंदूतून त्याने मरण्यापूर्वी डोळ्यांनी पाहिलेली दृश्यं पडद्यावर काढता येतात. आवाज येत नाही, म्हणून तपास करणाऱ्यांना ओठ वाचावे लागतात. दृश्यंही कॅमेऱ्यासारखी नसतात, पाहणाऱ्याला जसं वाटलं तशी असतात. आवडत्या माणसाचा चेहरा आहे त्याहून सुंदर दिसतो. आता हे रोज बघणाऱ्या पोलिसांचं काय होत असेल? खुन्याने पाहिलेलं ते बघतात आणि रात्री त्यांना झोप येत नाही. आणि मेलेल्या माणसाचं खाजगी असं काही उरतच नाही. कुणाची चोरटी माया, कुणाची लाज, सगळं चार अनोळखी माणसांसमोर. गुन्ह्याच्या बातम्या आपण सगळेच बघतो. मेलेल्या मुलीचा फोटो, तिचे मेसेज, तिचे कपडे यांच्यावर वाहिन्यांवर तासन् तास चर्चा चालते. 'हिमित्सु' बघणाऱ्यालाच प्रश्न विचारतं, की हे बघायचा हक्क तुला कुणी दिला. मी ते वाचल्यापासून संध्याकाळच्या तसल्या चर्चा बंद केल्या.

दुसरं, युमी तामुरा यांचं 'मिस्तेरी तो इउ नाकारे', इंग्रजीत 'डोन्ट कॉल इट मिस्ट्री'. हे मवाळ आहे, आधी हेच घ्या. 'फ्लॉवर्स' मासिकातलं, जपानीत यावर टीव्ही मालिकाही निघाली २०२२ साली. कुरळ्या केसांच्या एका कॉलेजच्या मुलाला खुनाच्या संशयावरून पोलीस ठाण्यात आणतात आणि तो चौकशीच्या खोलीत बसून पोलिसांशीच गप्पा मारत सुटतो. एका पोलिसाला वाटत असतं, की घरचा कचरा टाकायला मी जातो म्हणजे मी बायकोला मदत करतो. मुलगा त्याला म्हणतो, कचरा टाकणं हे घरातल्या सगळ्या डब्यांतला कचरा गोळा करण्यापासून सुरू होतं. मग वेगळा करायचा, पिशवी बांधायची, डब्यात नवी पिशवी घालायची. बांधलेली पिशवी दाराबाहेर नेली म्हणजे सगळं काम केलं असं नाही. खुनाच्या चौकशीत हे! मी वाचताना टाळी दिली पुस्तकाला. बायका गुन्हेकथा वाचतात तेव्हा त्यांना खून कुणी केला याच्याइतकंच त्या घरात कचरा कोण गोळा करत होतं हेही जाणून घ्यायचं असतं. बऱ्याचदा खुनाचं कारण तिथेच सापडतं.

क्योको ओकाझाकी यांचं 'हेल्टर स्केल्टर'ही तुम्हाला कुणी सुचवेल. सगळं शरीर शस्त्रक्रियांनी घडवलेली एक मॉडेल, ते शरीर आतून कुजू लागतं, आणि त्या दवाखान्याचा माग काढणारा एक अधिकारी. २००४ला त्याला तेझुका पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. पण ते फार कडवट आहे. सध्या नको, तुम्हालाही नको. 'बनाना फिश'चा शेवट निवू द्या.

आता जे मला खटकतं तेही सांगितलं पाहिजे, कारण थोरलीशी बोलताना ते तुमच्या कामी येईल. 'बनाना फिश'मध्ये बायका जवळजवळ नाहीतच. मुलींसाठीच्या गोष्टीत मुलींनाच जागा नाही, याचं मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं. आणि त्यात मुलांवर अत्याचार करणारे पुरुष इतके भरलेत, की पुरुषाचं पुरुषावरचं प्रेम म्हणजे असंच काहीतरी, असा समज एखाद्या वाचणारीचा होऊ शकतो. तो चुकीचा आहे. अत्याचार हा अत्याचार असतो, त्याचा समलिंगी प्रेमाशी संबंध जोडू नये. लेखिकेने एइजीच्या रूपाने दुसरी बाजू ठेवलीय, पण तराजू एकीकडे झुकलेलाच आहे. तुमच्या मुलीने यावर तुमच्याआधी विचार केलेला असण्याची शक्यता बरीच आहे. ऐकून घ्या.

आता बोलायचं कसं. सर्वांत आधी कपाटाचं कबूल करा. 'आवरताना सापडलं' एवढं म्हणून सोडू नका, 'तुला न विचारता सगळे वाचले, पंधरा दिवस लपवलं' हेही सांगा. ती चिडेल. अठरा वर्षांच्या मुलीच्या कपाटात आई हात घालते आणि वर तिच्या सगळ्यांत जपलेल्या गोष्टीत शिरते, तर चिडायचा तिला हक्क आहे. चिडू द्या, समर्थन करू नका. ती खोलीत गेली तर मागे जाऊ नका. स्वेटरांच्या मागे तिने ते ठेवले, याचा अर्थ तुम्ही काय म्हणाल ते तिने आधीच मनात ऐकलेलं आहे. तुम्हाला तेच बोलायचं नाहीये, हे तिला कळायला एखादा दिवस लागेल.

समोरासमोर बसवून बोलू नका. तुम्ही शाळेतल्या बाई आहात, समोर बसवलं की विद्यार्थ्याला परीक्षा वाटते हे तुम्हाला मी काय सांगू? मेथी निवडायला बसा दोघी, किंवा गाडीवरून कुठे जाताना विचारा. नजर दुसरीकडे असली की मुली बोलतात. 'असलं का वाचतेस' हा प्रश्न तोंडातून येऊ देऊ नका, त्याला उत्तर नसतं. 'मला शॉर्टर गेला तेव्हा फार लागलं, तुला?' असा, ॲशच्या त्या मित्राबद्दल विचारा. वाचलेल्या माणसाने वाचलेल्या माणसाला विचारतात तसा. आणि तुम्ही रडलात हे सांगा. डाळ करपल्याचंही सांगा. मुलींना आईची चूक कळली की त्यांची स्वतःची कुलपं सैल होतात.

एका गोष्टीवर मात्र लक्ष असू द्या. पुस्तकासाठी दोन दिवस रडणं वेगळं. पण दिवसा मध्येच तीच दृश्यं डोळ्यांसमोर येणं, झोप उडणं, जेवण तुटणं, 'माझंच चुकलं' असं काहीतरी भलतंच बोलून जाणं, यातलं काही दिसलं, तर तिथे पुस्तकाने जुनी एखादी गोष्ट जागी केलेली असू शकते. तिच्या बाबतीत किंवा तुमच्या बाबतीत. तेव्हा पुस्तक बाजूला ठेवायचं आणि माणसाशी बोलायचं. समुपदेशक ओळखीचा नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. फोन केला म्हणजे कुणी वेडं ठरत नाही.

धाकटीला आत्ता नको. बारा वर्षांच्या मुलीला रक्त झेपेल, आजकाल मुलं काय काय बघतात. पण या गोष्टीत इजा लहान मुलाला होते आणि ती घडवणारी माणसं वरकरणी सभ्य असतात. हे कळून घ्यायला लागणारे शब्द आधी तिच्याकडे हवेत. ते शब्द गोष्टीतून यायची वाट बघू नका, तुम्ही द्या. नको असलेला स्पर्श कुठला, कुणी 'आपलं गुपित' म्हणालं तर घरी येऊन काय सांगायचं, आणि असं मुलग्यांच्या बाबतीतही होतं, हे तिला सरळ मराठीत सांगा. आपल्याकडचा २०१२चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना सारखाच लागू आहे, आणि १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक तिला पाठ असला पाहिजे. तुम्ही शिक्षिका आहात, वर्गातल्या पोरांनाही हे सांगता येईल तुम्हाला. खंड लपवू मात्र नका, लपवलेलं पहिलं शोधलं जातं. कपाटावर, वरच्या फळीवर, दिसतील असे ठेवा आणि सांगा, की सोळाव्या वर्षी ताई तुला पहिला खंड देणार. देण्याचा मान थोरलीला द्या. तिलाही आपण वाचलेलं पुढे कुणाच्या हाती जाणार आहे, याचा विचार करावा लागेल. आणि धाकटीने मधेच उचललंच, तर हातातून ओढून घेऊ नका. शेजारी बसा आणि कुठल्या पानावर आहे ते विचारा.

राहिलं ते अकराव्या खंडातलं तिकीट. त्या पानावर काय आहे याबद्दल तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, ते बरं केलंत. तिकीट होतं त्याच पानात परत ठेवा. ते तिथे का आहे हे तिलाच विचारा, कपाटाचं सांगून झाल्यावर, मेथीची दुसरी जुडी सोडताना.